लॅपलँडची हिवाळी सहल: या चुका टाळा

फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडमध्ये ऐन हिवाळ्यात जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'उणे तीस झेपेल का?' झेपतं. वारा नसेल आणि अंग कोरडं असेल तर उणे वीसमध्येही दोन-तीन तास मजेत जातात. सहलीचा विचका करतात त्या घाम, घट्ट बूट, वारा आणि अंतराचा चुकलेला अंदाज या गोष्टी.

पायांपासून सुरुवात

सगळ्यात जास्त तक्रारी पायांच्या, आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा एकच: मोजे जास्त झालेले असतात. तीन जोड घातले की बूट आवळतो, बोटांकडचा रक्तप्रवाह कमी होतो आणि ऊब धरणारी हवाही दाबून निघून जाते. आत एक पातळ आणि त्यावर एक जाड लोकरी मोजा पुरतो. हे दोन्ही घालून बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. हलत नसतील तर एक माप मोठा बूट घ्या. तळव्याखाली लोकरीचा किंवा फेल्टचा इनसोल टाका, कारण थंडी मुख्यतः जमिनीतून चढते. रोज रात्री इनसोल आणि बुटाचं आतलं अस्तर बाहेर काढून वाळवा. आदल्या दिवशीचा घाम तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात पाय गारठतात.

अंगालगत सुती कपडा नको. सुताने शोषलेला घाम लवकर सुकत नाही आणि थांबलात की अंगात कापरं भरतं. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट, इतकं बास. चालताना घाम यायच्या आधीच चेन उघडा.

सफारी चालवणाऱ्या कंपन्या सहसा ओव्हरऑल (अंगभर एकसंध जाड पोशाख), बूट आणि जाड मोजे देतात. त्या ओव्हरऑलखाली फुगीर पफर जाकीट कोंबू नका. ते दबलं की त्याची ऊब गेली, वर हात हलवणंही कठीण होतं. म्हणजे महागडं जाकीट घ्यायचे पैसे चांगल्या थर्मलवर घातलेले बरे.

स्नोमोबाईल

स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर पळणारी, पुढे स्की आणि मागे पट्टा असलेली मोटरगाडी. उणे २० मध्ये ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना उघड्या गालाला उणे ३४ सारखी थंडी लागते. मफलर उडता ठेवू नका. बालाक्लावा (डोकं आणि चेहरा झाकणारी टोपी) घालून त्याच्या कडा आत खोचा. तोंडाने श्वास सोडला की हेल्मेटच्या काचेवर बाष्प धरतं, म्हणून नाकाने श्वास घ्या. चष्मेवाल्यांना कॉन्टॅक्ट लेन्स सोयीच्या पडतात.

नवखे चालक दोन ठिकाणी फसतात. वळताना हँडल घट्ट आवळतात आणि उजव्या अंगठ्याखालचा थ्रॉटल (वेग वाढवायची कळ) नकळत दाबला जातो. गाडी वळण सोडून सरळ झाडीत. वळणाआधीच वेग कमी करा, अंगठा सैल सोडा आणि वळणाच्या आतल्या बाजूला झुका. दुसरी चूक म्हणजे गाडी कलंडतेय असं वाटलं की पाय खाली टेकवणं. इतक्या वजनाखाली सापडलेला पाय मोडतो. पाय फळीवरच ठेवा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वॉटर-कूल्ड स्नोमोबाईलचं इंजिन पट्ट्याने उडवलेल्या भुसभुशीत बर्फामुळे थंड राहतं. तळ्यावरच्या नितळ, काचेसारख्या बर्फावर लांब पळवलीत तर तापमानाचा दिवा लागतो आणि पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्या झिजतात. दिवा लागला की मऊ बर्फाच्या कडेला या.

चालकाचं वय किमान १५ लागतं, वैध वाहन परवाना आणि हेल्मेटही. वेगमर्यादा जमिनीवर ताशी ६० आणि गोठलेल्या पाण्यावर ८० किलोमीटर. अधिकृत मार्ग सोडून रानात घुसायला जमीनमालकाची परवानगी लागते. भाड्याने घेताना अपघात झाल्यास तुमच्या खिशातून किती युरो जाणार, ते सहीआधीच विचारा.

हस्की स्लेज

ही हस्की कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी. थांबलात तरी ब्रेकवरून पाय काढू नका, कुत्री तुमची वाट बघत नाहीत. पडलात तरी हँडल सोडायचं नाही. सोडलंत तर स्लेज रिकामीच पुढे जाते.

गाडी चालवताना

रोव्हानिएमी ते इनारी सुमारे ३३० किलोमीटर. नकाशा साडेचार तास दाखवतो, तेवढ्यात उरकत नाही. डिसेंबरच्या शेवटी रोव्हानिएमीत सूर्य जेमतेम सव्वादोन तास असतो, आणि इनारीत तर तो तेव्हा उगवतच नाही. प्रवास जवळपास सगळा अंधारात होतो. वाटेतल्या सोडान्कुला गावात टाकी भरून घ्या.

रेनडिअर रस्त्यावर आला की तो बाजूला होईल असं धरून चालू नका. बऱ्याचदा तो गाडीपुढे सरळ रस्त्यानेच पळत राहतो, आणि एकामागून दुसरा येतोच. वेग कमी करून थांबा. धडक झालीच तर ११२ वर कळवावं लागतं. इथल्या प्रत्येक रेनडिअरला मालक असतो. पुढच्या ट्रकने बर्फाचा भुगा उडवून काही दिसेनासं केलं असेल, तर ओव्हरटेकचा मोह आवरा आणि अंतर वाढवा.

रात्री मुक्कामाच्या पार्किंगमध्ये इंजिन हीटरची वायर खांबावरच्या प्लगला लावा. उणे १० ते २० असेल तर निघण्याआधी दोन तास, त्याखाली तीन तास पुरतात. खांबावर टायमर असतो. वायर काढायला विसरून निघणारे दर हिवाळ्यात असतात. हँडब्रेक ओढून ठेवलात तर तो गोठून अडकू शकतो, त्यामुळे सपाट जागी गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा.

ऑरोरा (रात्रीच्या आकाशातला रंगीत प्रकाश) हुकतो कसा

ऑरोराच्या जोराचा अंदाज देणाऱ्या केपी निर्देशांकाच्या आकड्यावर नजर लावून बसणं ही नेहमीची चूक. इनारीच्या अक्षांशावर केपी १-२ असला तरी ऑरोरा दिसू शकतो. आडवे येतात ते ढग. ढगांचा अंदाज आधी बघा आणि जिथे आकाश मोकळं आहे तिकडे जा. एकाच रात्रीच्या भरवशावर राहू नका, तीन-चार रात्री हाताशी असू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाश मोकळं मिळण्याची शक्यता डिसेंबरपेक्षा जास्त असते, शिवाय दिवसा उजेडही मिळतो.

कॅमेरा मॅन्युअलवर टाका: ॲपर्चर एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ५ ते १० सेकंद, ट्रायपॉडवर. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने जुळवा. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. लेन्सवर फुंकर मारू नका, वाफेचा तिथेच बर्फ होतो. आत येण्याआधी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा, नाहीतर आतपर्यंत दव धरतं.

तळी आणि स्कीच्या वाटा

एका माणसाला चालायला किमान ५ सेंटीमीटर घट्ट, पारदर्शक बर्फ लागतो. पांढुरका बर्फ साधारण निम्मंच वजन पेलतो. ओढ्याचं तोंड, पुलाखालची जागा आणि अरुंद खाडी टाळा, तिथे वाहतं पाणी बर्फ आतून खातं. गळ्यात बर्फात रोवायचे टोकदार टोचे असू द्या. पडलात तर आलेल्या दिशेलाच ते रोवून स्वतःला ओढून घ्या आणि लोळत बाजूला जा.

स्कीसाठी आखलेल्या समांतर खोबणींवर चालू नका. एकदा पाय पडला की खोबणी मोडते आणि तिथले लोक चिडतात, तेही रास्तच.

हिमदंश

दर पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांचे गाल, नाक, कान बघा. मेणासारखा पांढरा डाग दिसला की चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. गालावर उघडा तळवा धरा, बोटं काखेत घाला. बधिरपणा जात नसेल तर आत जाऊन तो भाग ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धरा आणि डॉक्टर गाठा. गोठलेला भाग पुन्हा गारठणार असेल तर वाटेत मध्येच ऊब देऊ नका. दारूने वरवर गरम वाटतं, पण त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरून शरीराची उष्णता झपाट्याने बाहेर पडते.

हॉटेलच्या वायफायवरच '११२ सुओमी' हे ॲप उतरवून घ्या. त्यातून फोन लावला की तुमचं ठिकाण आपोआप नियंत्रण कक्षाला कळतं. फोन मात्र थर्मलजवळच्या खिशात ठेवा. बाहेरच्या खिशात बॅटरी थंडीने अचानक मान टाकते.