सॉलिड ॲक्सल की इंडिपेंडंट? रानात गाडी घालण्याआधी या चुका टाळा

पौष लागला की मंगळवेढ्याकडून हुरड्याची बोलावणी यायला लागतात. वस्तीवर चार-पाच फोर बाय फोर उभ्या राहतात, आगटी धुमसत असते आणि कणसं चोळता चोळता वाद निघतोच: पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड नळीला) चांगला की इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं)? जिप्सीवाला म्हणतो, खरी गाडी अखंड ॲक्सलचीच. थारवाला म्हणतो, पुण्याला जाऊन यायचं असेल तर कंबर कुणाची मोडायची? दोघांचंही बरोबर आहे. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या आमच्या सोलापूर जिल्ह्यात वापरल्या आहेत आणि माझं मत असं झालंय, की गाडीची निवड चुकल्यानं फारसं बिघडत नाही. एका प्रकारची गाडी दुसऱ्या प्रकारची समजून चालवली किंवा दुरुस्त केली, की खरं नुकसान होतं.

आधी गाडीखाली बघा

फोर बाय फोर म्हणजे पुढे सॉलिड ॲक्सल असणारच, हा समज अजून पक्का आहे. टॉर्च घेऊन पुढच्या बंपरखाली वाका. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी नळी गेलेली असेल आणि तिच्यावर एका बाजूला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा असेल, तर तो सॉलिड ॲक्सल. जिप्सीत तो पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसतो, जिम्नीत कॉइल स्प्रिंगवर. डिफरन्शियल वर चॅसिसला बांधलेलं असेल, त्यातून दोन्ही बाजूंना काळ्या रबरी बूटांचे शाफ्ट निघत असतील आणि प्रत्येक चाकाला वर-खाली वेगळे आर्म असतील, तर ते इंडिपेंडंट. २०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, आताची गुरखा या सगळ्या पुढून इंडिपेंडंट आहेत. मागे मात्र त्यांनाही सॉलिड ॲक्सलच आहे.

नावावर जाऊ नका. जुन्या थारमध्ये सीआरडीई या प्रकाराला पुढे टॉर्शन बारचं (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीचं) इंडिपेंडंट होतं आणि डीआय प्रकाराला पाटे. दोन्हींवर नाव थारच. जुनी थार घेणाऱ्यानं हे बघितलं नाही, तर सुटे भाग मागवताना पहिल्याच दिवशी घोटाळा होतो.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा आणि उसाच्या चाकोऱ्या

कागदावर थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आणि जिम्नीचा २१०. मग थार उंच, असं म्हणून लोक मोकळे होतात. पण हा आकडा सपाट जमिनीवर उभ्या गाडीचा असतो.

सॉलिड ॲक्सलमध्ये डिफरन्शियलचा गोळा चाकांसोबतच वर-खाली होतो. म्हणून जमिनीपासून त्याची उंची गाडी दबली तरी जवळपास तेवढीच राहते. इंडिपेंडंटमध्ये डिफरन्शियल बॉडीसोबत असतं. उभ्या गाडीत ते छान उंचावर दिसतं, पण पुढची दोन्ही चाकं एकदम आत दबली की तेच खाली येतं. आपल्याकडे ही वेळ बांधावर येते. बांध चढून नाक पलीकडे उतरायला लागलं की घाबरून ब्रेक दाबला जातो, सगळं वजन पुढे येतं, स्प्रिंग दबतात आणि स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) दगडावर खाणकन आपटते. इंडिपेंडंट गाडीत वेग बांधाच्या अलीकडेच मारून घ्या, लो रेंजच्या (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या) पहिल्या गिअरवर उतरा आणि चाकं खाली टेकत असताना ब्रेक सोडलेला ठेवा.

सॉलिड ॲक्सलची अडचण नेमकी उलटी. ऊसतोड सुरू झाली की माढा-पंढरपूर पट्ट्यातल्या पाणंदी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उकलून निघतात. दोन बाजूंना खोल चाकोऱ्या आणि मधे वाळून दगड झालेला उंचवटा. चाकं चाकोरीत घातली की तो गोळा मधल्या उंचवट्यावर नांगरासारखा ओढत जातो. आणि इथे लिफ्ट किटचा काडीचाही उपयोग नाही, हे कितीजणांना सांगावं! लांब स्प्रिंग घातल्यानं बॉडी वर जाते, ॲक्सल जागचा हलत नाही. तो उचलायचा तर मोठे टायरच लागतात आणि तेही व्यास दोन इंचांनी वाढवला तर गोळा एकच इंच वर येतो. त्यापेक्षा एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीबाहेरच्या काठावर ठेवून चाला. काठ ढासळतोय का, हे मात्र उतरून पायानं दाबून बघा.

इंडिपेंडंट गाडी हौसेनं उचलणं

टॉर्शन बारच्या गाडीत बोल्ट आवळला की पुढचं नाक वर येतं. पैसे लागत नाहीत, म्हणून गॅरेजवाला लगेच करून देतो. पण त्यानं चाकाची एकूण हालचाल वाढत नाही. चाक खाली जायला जी जागा होती, तीच खर्ची पडते. मग साध्या खड्ड्यातही चाक लगेच खालच्या टोकाला जाऊन आपटतं आणि गाडी कडक लागते. शॉकअपवर स्पेसर टाकला तरी त्रास त्याच जातीचा.

त्याहून वाईट हाल शाफ्टचे होतात. सीव्ही जॉइंट (शाफ्टला तिरपं फिरू देणारा, बूटाच्या आतला सांधा) जेवढ्या तिरप्या कोनात फिरेल तेवढा लवकर झिजतो आणि बूटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. फाटलेला बूट सगळ्यात आधी नजरेला असा येतो: रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर ग्रीसचे काळे शिंतोडे उडालेले असतात. बोटानं ते ग्रीस चोळून बघा. कचकच लागली तर आत माती गेली आहे. त्याच दिवशी बूट बदलून जॉइंट धुऊन नवं ग्रीस भरलं तर बहुधा निभावतं. पूर्ण स्टीअरिंग वळवून हळू चालताना कटकट आवाज यायला लागला, की जॉइंटच बदलायचा. मुरुमाच्या रस्त्यावर रोज ये-जा असेल तर दर आठवड्याला चारही बूट बघावेत, असं मी आग्रहानं सांगेन.

काहीजण यावर उपाय म्हणून इंडिपेंडंट काढून पुढे सॉलिड ॲक्सलच बसवायला निघतात. त्यांना माझं सांगणं आहे, नका करू. स्टीअरिंगची सगळी भूमिती बदलते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा वाद घरच्यांना निस्तरावा लागतो. सॉलिड ॲक्सल हवाच असेल तर सॉलिड ॲक्सलची गाडी घ्या.

स्टीअरिंग थरथरतं म्हणून डँपर बदलणं

ही चूक माझ्या स्वतःच्या जिप्सीत झाली. तुळजापूर रस्त्यावर ताशी ६५ च्या आसपास पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं आणि स्टीअरिंग एवढं थडथडायला लागलं की हातात धरवेना. शेजारी मुलगी बसली होती. तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि गाडी हळूहळू ३०-३५ वर येऊ द्यायची. थडथड आपोआप थांबते.

गॅरेजमध्ये स्टीअरिंगचा डँपर (झटके दाबणारा छोटा शॉकअप) बदलून मिळाला. तीन आठवडे बरे गेले आणि पुन्हा तेच. डँपर थरथर दाबतो, तिचं मूळ तिथं नसतं. सॉलिड ॲक्सलमध्ये दोन्ही चाकं एकाच नळीला जोडलेली असल्यानं एका चाकाचा ढिलेपणा लगेच दुसऱ्याला लागतो आणि दोन्ही मिळून हेलकावे घेतात. कारणं चाकाच्या बॅलन्सपासून सुरू होतात: मग टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंगच्या दांड्या आणि त्यांचे सांधे), किंग पिनची (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग, पाट्यांचे बुश (सांध्यातली रबरं). कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांडीचे) बुश आधी बघायचे.

तपासणी घरच्या अंगणात होते. चाक जॅकवर उचला, एक हात वर आणि एक खाली धरून हलवा. खडखड लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली, तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तशीच राहिली, तर किंग पिन. इंडिपेंडंट गाडीत अशा वेळी बॉल जॉइंटवर संशय घ्यायचा. मग हात डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. तिथली खडखड बहुतेक टाय रॉड एंडची असते. शेवटी गाडी जमिनीवर ठेवून एकानं स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे करायचं आणि दुसऱ्यानं खालून एकेका जॉइंटवर बोट ठेवून बघायचं. डोळ्याला न दिसणारा ढिलेपणा बोटाला कळतो.

माझ्या गाडीत खालचं किंग पिन बेअरिंग गेलं होतं. नकलचं (चाक वळवणाऱ्या सांध्याचं) सील सुकून चिरलं होतं, तिथून ओढ्याचं पाणी आत गेलं. बेअरिंगची वाटी तळहातावर घेऊन अंगठ्याचं नख फिरवलं, तर प्रत्येक रोलरच्या जागी नख अडकत होतं. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे रोलर एकाच जागी बसून तिथे खाचा पाडतात. नवं बेअरिंग, नवं सील आणि शिम (पातळ चकत्या) लावून योग्य ताण, एवढ्यावर गाडी सरळ झाली. सील काही शे रुपयांचं. ते वेळेत बदललं असतं तर मुलीसमोर तो प्रसंग आलाच नसता.

पाण्यातून गेल्यावर दोन्ही प्रकारांत डिफरन्शियलचं ऑइलही बघा. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात बुडालं आणि ब्रीदर (हवा ये-जा करण्याचं भोक) मातीनं बुजलेला असला, तर ते सीलमधून पाणी ओढून घेतं. ऑइल दुधाळ दिसलं की बदलायचं.

बुश आवळण्याची चूक

ही गॅरेजची चूक, पण गाडीमालकानं उभं राहून टाळायची. लोअर आर्मचे रबरी बुश बदलताना गाडी लिफ्टवर लटकलेली असते. त्याच अवस्थेत बोल्ट पक्के आवळले, की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पीळ खाऊन बसतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, एकदा हलवून बसू द्या आणि मग टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळा. पाट्यांच्या शॅकल बुशलाही हेच लागू. आर्म उघडला असेल तर अलाइनमेंट करावीच लागते. सॉलिड ॲक्सलमध्ये साधारणपणे फक्त टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) जमवता येतो. कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडलेला दिसला तर ॲक्सल वाकलाय किंवा किंग पिन गेलंय, असं समजा. मशिनवर तो नीट होत नाही.

चाक हवेत, पाय ॲक्सिलरेटरवर

सॉलिड ॲक्सलचं एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. इंडिपेंडंटमध्ये तसं होत नाही, चाक लवकर हवेत जातं. ते गरगर फिरतंय म्हणून लोक आणखी गॅस देतात. फिरतं चाक अचानक दगडाला टेकलं की सगळा झटका सीव्ही जॉइंटला बसतो. पाय काढा, मागे या, दुसऱ्या रेषेनं चढा. मागचा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असेल तर चाक उचलण्याआधी लावा.

आणि काळ्या रानाचं म्हणाल, तर परतीच्या पावसानंतर तिथे दोन्ही सस्पेन्शन सारखीच हरतात. टायरच्या खाचा भरल्या की चाकाचा गुळगुळीत गोळा होतो, खाली काय जोडलंय याला अर्थ राहत नाही. वाफसा येईपर्यंत थांबा. शेतकऱ्याच्या पेरलेल्या रानात तर कधीच घालू नका आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर रस्ता सोडून एक फूटही जाऊ नका. तिथलं गवत कुणाचं तरी घरटं असतं.

इतकं करूनही रुतलात, तर जॅक कुठे लावायचा ते प्रकारावर ठरतं. सॉलिड ॲक्सलला जॅक थेट नळीखाली लावला की चाक लगेच उचलतं. इंडिपेंडंटमध्ये चॅसिसखाली लावलात तर बॉडी वर जाते आणि चाक खाली लोंबत राहतं, जॅक संपतो तरी चाक चिखलातच. कंपनीच्या पुस्तकात लोअर आर्मखालची जागा दिली असेल तर तिथे लावा. जॅकखाली टाकायला दोन इंच जाडीची, दीड फूट लांबरुंद सागवानी फळी गाडीत कायम ठेवा. काळी माती नुसता जॅक गिळून टाकते.