गहू सोडण्याआधी रक्त तपासा
पोट फुगतंय, जुलाब महिनोन्‌महिने थांबत नाहीत, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, की शेजारीपाजारी सांगतात, 'चपाती सोडा, ज्वारीची भाकरी खा.' सल्ला वाईट नाही, वेळ चुकीची आहे. हा त्रास सिलिॲक आजाराचा असू शकतो; त्यात गव्हामुळं लहान आतड्याला इजा होते. त्याची तपासणी गहू पोटात जात असतानाच खरी ठरते. गहू सुटला की रक्तातली प्रतिपिंडं (तपासणीत हीच मोजतात) हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

आपल्या मराठवाड्यात घोळ आणखी वेगळा. बीड-लातूरकडं कितीतरी घरांत दोन्ही वेळा भाकरीच असते, चपाती कधीमधी. डॉक्टरांना हे आपणहून सांगा. ते बहुधा तपासणीआधी निदान 6 आठवडे रोज गव्हाचं खायला सांगतील. त्रास फारच वाढला तर मात्र रेटू नका, त्यांना कळवा.

तपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार; सोबत एकूण आयजीएही करायचं का, ते विचारा. काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असतं, मग पहिला रिपोर्ट फसवतो. दोष निघाला तर मोठ्या माणसांची सहसा दुर्बिणीतून लहान आतड्याची बायोप्सी करतात, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासतात. तोवर गहू चालूच ठेवा.

आणि हो, पुढं गहू बंद झालाच तर सातूचं पीठही बंद. त्यात सहसा गहू असतो.