बडोद्याहून बाड ड्युर्कहाइमला जाताना

द्राक्षमळे आणि औषधी मानले गेलेले खारे झरे एकाच गावात पाहायचे असतील, तर बडोदेकरांनी जर्मनीच्या फाल्झ भागातील बाड ड्युर्कहाइमचा विचार अवश्य करावा. सप्टेंबरात तेथे वुर्स्टमार्क्ट ही वाइनची प्रचंड जत्रा भरते. परंतु त्या सुमारास आपल्याकडे बहुधा गणपती असतात आणि तेथे गर्दीही फार होते, म्हणून नवरात्र आटोपल्यावर निघणे मला अधिक योग्य वाटते. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरावे आणि विमानतळावरील स्थानकातूनच रेल्वेने मानहाइम व नॉयश्टाटमार्गे पुढे जावे.

पहिली संध्याकाळ ग्राडीरबाउसाठी राखून ठेवावी. ही तीनशे मीटरहून अधिक लांबीची लाकडी इमारत असून तिच्या भिंतींत काटेरी फांद्यांच्या मोळ्या दाबून रचलेल्या आहेत. वरून सोडलेले खारे पाणी त्यांवरून थेंबाथेंबाने ओघळते, वाऱ्याने त्याची वाफ होत जाते आणि उरलेल्या पाण्याचा खारेपणा वाढतो. पूर्वी मीठ काढताना सरपण कमी जाळावे लागावे म्हणून ही युक्ती योजलेली होती. आता लोक ती दमट, खारट हवा छातीत भरून घेण्यासाठी येथे सावकाश फेऱ्या मारतात. फांद्यांवर साचलेला क्षारांचा करडा थर अगदी जवळून पाहावा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सौनाचा, म्हणजे घाम काढण्यासाठी तापवलेल्या खोलीत बसण्याचा, बेत असेल तर जर्मनीत तेथे स्त्री-पुरुषांनी एकत्र आणि विवस्त्र बसण्याची रीत आहे, त्यामुळे घरच्या मंडळींशी याबद्दल आधीच बोलून ठेवावे.

१९३४ साली बांधलेले, १७ लाख लिटर मावेल एवढे लाकडी पिंप पाहण्याजोगे आहे. त्यात वाइन नसून उपाहारगृह आहे. रीसलिंग जातीच्या द्राक्षांच्या वाइनमध्ये सोडा मिसळलेले शोर्ले अर्ध्या लिटरच्या, खळगे पाडलेल्या पेल्यातून देतात, तेव्हा दोघांत एक पेला पुरतो. न पिणाऱ्यांनी ट्राउबेनझाफ्ट, म्हणजे द्राक्षरस, मागवावा. शरदातील नव्या, फसफसत्या वाइनबरोबर मिळणाऱ्या कांद्याच्या केकमध्ये अनेकदा डुकराचे मांस असते. शाकाहाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. त्याऐवजी वाफेवर फुगवलेला, तळाशी खारट खरपूस कवच धरणारा डाम्फनूडेल हा पिठाचा गोळा व्हॅनिला सॉसबरोबर खावा.

गुजरातेत दारूबंदी असल्याने परवान्याशिवाय बाटली घरी आणता येणार नाही, तेव्हा आप्तांसाठी द्राक्षांची जेली घ्यावी. रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून ही खरेदी शनिवारीच उरकावी.