इम्प्लची वही नव्याने मांडताना

माझ्या छोट्या कंपायलरमध्ये ट्रेटच्या (टाइपला काय काय जमायला हवं याचा करार) इम्प्लची (तो करार एखाद्या टाइपसाठी पूर्ण करणारा कोड) वही, म्हणजे नोंद, टाइपच्या नावाने, नुसत्या स्ट्रिंगने होती. दोन मॉड्यूलमध्ये ‘पॉइंट’ आला आणि एकाचं इम्प्ल दुसऱ्याला चिकटलं. जळगावातली मे महिन्याची दुपार, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी कोड वाचणाऱ्या पार्सरलाच शिव्या घालतोय!

आधी टाइप इंटर्न करा: प्रत्येक टाइप एकदाच साठवायचा, त्याला आकडी आयडी. स्ट्रक्ट ओळखायचं ते नावावरून नाही, व्याख्येच्या आयडीवरून.

पण पूर्ण टाइपचा आयडी हीच वहीत शोधायची चावी केलीत, तर ‘व्हेक<टी>’चं इम्प्ल ‘व्हेक<आय३२>’ला सापडणार नाही (‘व्हेक’ म्हणजे यादी, ‘टी’ म्हणजे कुठलाही टाइप, ‘आय३२’ म्हणजे ३२ बिटी पूर्णांक). म्हणून चावीत ट्रेट आणि टाइपचं फक्त डोकं, ‘व्हेक’. आधी केळीची वखार गाठायची, घड मग निवडायचा. त्या कप्प्यातल्या इम्प्लच्या ‘टी’ला नवं इन्फरन्स व्हेरिएबल (अजून न ठरलेल्या टाइपची रिकामी जागा) देऊन युनिफाय करा, म्हणजे दोन्ही टाइप जुळवून बघा; जुळलं तरच ‘व्हेअर’च्या, म्हणजे ‘टी’वर घातलेल्या, अटी बघा. ब्लँकेट, म्हणजे सरसकट कुठल्याही ‘टी’साठी लिहिलेल्या, इम्प्लना डोकंच नसतं, त्यांची यादी वेगळी. रस्ट भाषेचा कंपायलरही अशीच विभागणी करतो.

जुनी वही लगेच फेकू नका. काही दिवस दोन्हींना विचारा, उत्तर वेगळं आलं की पॅनिक, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवा. माझ्याकडे ४ टेस्ट फुटल्या. चारही वेळा जुनी वहीच खोटं बोलत होती.