क्लबफूटच्या बाळाला ब्रेसचे बूट कसे घालायचे

क्लबफूटसाठी (जन्मतः आत वळलेला पाय) दर आठवड्याची प्लास्टरं झाली, टाचेमागचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कापून झाला, शेवटचं तीन आठवड्यांचं प्लास्टरपण निघालं, पाय छान सरळ दिसतोय आणि नेमकं आताच घरातलं कुणीतरी म्हणतं की झालं ना, कशाला त्या जिवाला ब्रेसमध्ये, म्हणजे दांड्याला जोडलेल्या दोन बुटांत अडकवताय. अजिबात ऐकू नका. या उपचाराला पोन्सेटी पद्धत म्हणतात, तिच्यात प्लास्टरने पाय सरळ होतो आणि ब्रेसने सरळ राहतो, ब्रेस सुटला की पाय परत वळतो. पहिले 3 महिने दिवसातले 23 तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत, साधारण 4-5 वर्षांचं होईपर्यंत.

पातळ सुती मोजे घाला, आधी जास्त वाकडा होता तो पाय घ्या.

आता टाच. माझं पहिल्या आठवड्यात इथेच चुकलं. मी आधी लेस करकचून बांधायचे आणि पट्टा सैल ठेवायचे, कारण 'बाळाला टोचेल' असं सगळे सांगत होते. झालं उलटंच, टाच आत घासून घासून लालभडक, चौथ्या दिवशी फोड. सैल बूटच जास्त लागतो हो! म्हणून गुडघा वाकवा, टाच खाली आणि मागे दाबून बसवा, बुटाची जीभ नीट ओढून अंगठ्याने दाबून धरा आणि आधी मधला पट्टा घट्ट करा, लेस त्यानंतर, तीही रक्त अडेल इतकी नाही. मग नडगी धरून हलकेच वरखाली करा, बोटं पुढेमागे सरकली तर टाच बसलेली नाही, पट्टा परत आवळा. टाच नीट बसली की बोटं जिथे येतात तिथे बुटाच्या आतल्या तळाला पेनाने रेघ मारून ठेवा, रोज एका नजरेत कळतं.

लाल डागावर क्रीम, तेल काहीही लावायचं नाही, कातडी मऊ पडून आणखी सोलते. फोड आला तर डॉक्टरांना दाखवा, स्वतःच्या मनाने ब्रेस बंद करू नका.

दांड्यावरचे बुटांचे कोन डॉक्टरांनी लावलेत तसेच राहू द्या.

पहिल्या एकदोन रात्री बाळ खूप रडतं, जीव तुटतो, पण टाच आणि बोटं तपासलीत, सगळं ठीक असेल तर बूट काढू नका. दांडा धरून दोन्ही गुडघे एकत्र वाकवा, सरळ करा, खेळवत खेळवत. पाय एकत्र हलवायचे हे कळलं की बाळ शांत होतं. दांड्याला मऊ कापड गुंडाळा, नाहीतर तुमच्याच हनुवटीला बसेल.