शास्त्रीय नृत्य आणि सिनेमा, दोन्ही करिअर एकत्र कसं चालवायचं

दहा-बारा वर्षं कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्या मुलींचा, आणि आता मुलांचाही, ठरलेला प्रश्न असतो. विशारद ही नाचाची वरची परीक्षा तर झाली, अभिनय जमतो असं सगळे म्हणतात, मग सिनेमात किंवा सिरियलमध्ये जायचं तर नेमकं करायचं काय? आणि पाठोपाठ दुसरा, तिकडे गेलं की नाच सुटतो का? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, दुसऱ्याचं एवढंच की सोडलात तर सुटतो. माझं मत आधीच सांगून टाकते. सिनेमात शिरायचा पास म्हणून नाच शिकत असाल तर तो फार महागडा पास आहे, त्यापेक्षा अ‍ॅक्टिंगचा एखादा कोर्स स्वस्त पडेल. नाच हे मुख्य काम आणि सिनेमा त्याच्या जोडीला, असं धरून चाललात तरच दोन्ही टिकतात.

वैजयंतीमालांचं बघा ना. पहिला तमिळ सिनेमा 1949 चा, हिंदीत आल्या 1951 ला, आणि 1970 च्या आसपास सिनेमा बंद. म्हणजे सिनेमाची वर्षं जेमतेम एकवीस. भरतनाट्यम मात्र त्याच्या आधीही होतं आणि नंतरही चालूच राहिलं, 1982 ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो नाचासाठी, 2024 ला पद्मविभूषण, आणि त्याच वर्षी अयोध्येत नाचतानाचा त्यांचा व्हिडिओ फिरत होता तेव्हा वय होतं नव्वद. सुपरस्टार असूनही सिनेमाने त्यांना दिलेली वर्षं कमीच होती, तर आपल्याला किती देईल याचा हिशोब आधीच करून ठेवलेला बरा.

आता सुरुवात. शैली निवडताना सिनेमाचा विचार करू नका. हिंदीत कथकच चालतं असं बरेच जण सांगतात, पण वहिदा रेहमान, हेमा मालिनी, वैजयंतीमाला या सगळ्या भरतनाट्यमवाल्या, आणि माधुरी कथकवाली. तेव्हा शैली बघू नका, गुरू बघा, आणि तो गुरू आठवड्यातून दोन-तीनदा जाता येईल इतका जवळ आहे का ते बघा. आपल्याकडे पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी 1947 ला नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून कथकची परंपरा पक्की आहे, भरतनाट्यममध्ये सुचेताताई भिडे-चापेकरांनी हिंदुस्थानी संगीत आणि तंजावरच्या मराठी रचना आणल्या, मुंबईत कनक रेळेंनी उभं केलेलं नालंदा हे नृत्य महाविद्यालय आहे. पर्याय भरपूर आहेत.

परीक्षा द्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा होतात, त्यानंतर अलंकार. विशारदच्या सर्टिफिकेटवर कुठलाही कास्टिंगवाला तुम्हाला काम देणार नाही हे खरंय, पण उद्या क्लास काढायचा, शाळेत शिकवायचं, स्कॉलरशिपला अर्ज करायचा तर हाच कागद लागतो. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची स्कॉलरशिप 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी असते आणि सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची 18 ते 25 साठी, दोन्हीकडे लोक अर्जच करत नाहीत आणि मग म्हणतात आमच्या ओळखी नाहीत. डिग्री करायची असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र मला जास्त आवडतं, कारण तिथे नृत्य, संगीत आणि नाटक एकाच आवारात आहे, नाचवाल्या मुलांचं नाटकवाल्यांमध्ये उठणं-बसणं होतं. प्राजक्ता माळी तिथूनच भरतनाट्यम शिकून आली.

आता खरा मुद्दा, ज्यावर कोणी बोलत नाही. नाचातला अभिनय जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर केला की वाईट दिसतो. म्हणजे खूपच वाईट. स्टेजवर तुम्हाला शेवटच्या रांगेतल्या काकूंपर्यंत भाव पोचवायचा असतो, त्यामुळे डोळे मोठे, भुवया वर, मान, सगळंच ठसठशीत. क्लोजअपमध्ये तुमचा चेहराच अख्ख्या पडद्याएवढा होतो, तिथे भुवई एवढीशी हलली तरी पुष्कळ. बरं हे नुसतं चेहऱ्याचं नाही. नाचणाऱ्या माणसाची पाठ ताठ असते, पाय बाहेर वळलेले असतात, बोटं आपोआप लांब होतात, त्यामुळे बँकेतल्या क्लार्कचा रोल असला तरी चालताना वाटतं की आता ही नाचाचा तोडा घेणार. आणि सगळ्यात चिवट सवय म्हणजे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक भाव पकडून थांबायचं, जसं तिहाई, म्हणजे तीनदा येणारा बोलांचा तुकडा, संपली की पोज घेतो तसं. ऑडिशनच्या व्हिडिओत हे लगेच दिसतं आणि समोरचा म्हणतो, डान्सर आहे वाटतं.

यावर उपाय घरीच करता येतो. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर लावा, छातीपर्यंतची फ्रेम घ्या, आठ-दहा ओळींचा कुठलाही साधा संवाद घ्या, फोनवर आईशी बोलतोय असा वगैरे. एकदा मनसोक्त नाचातल्यासारखा करा. मग अर्धा कमी. मग तिसऱ्यांदा चेहऱ्याने काहीच करायचं नाही, फक्त तो विचार खरोखर मनात आणायचा. तिन्ही आवाज बंद करून बघा. बहुतेक वेळा तिसरा, ज्यात आपल्याला वाटत होतं की काहीच केलं नाही, तोच बरा निघतो. आणि लेन्समध्ये बघायचं नाही, समोरच्या पात्राकडे बघायचं, ही गोष्ट प्रेक्षकांकडे तोंड करून वाढलेल्या आपल्या लोकांना वाटते त्यापेक्षा जड जाते.

पण नाचाचा फायदा कुठे होतो तेही सांगायला हवं. ठुमरीतली किंवा भरतनाट्यममधल्या पदम्‌ या अभिनयाच्या रचनेतली एकच ओळ तुम्ही पाच-सहा प्रकारे दाखवायला शिकलेले असता, संचारी भाव म्हणजे तेच तर असतं, आणि डायरेक्टर जेव्हा म्हणतो की छान, आता वेगळ्या पद्धतीने दे, तेव्हा बाकीचे गोंधळतात आणि तुमच्याकडे साठा असतो. शिवाय कंटिन्युइटी, म्हणजे प्रत्येक टेकमध्ये सगळं तसंच्या तसं जुळणं. दहा टेक झाले तरी त्याच शब्दावर तोच हात उचलायचा आणि जमिनीवर आखून दिलेल्या मार्कवर न बघता थांबायचं, हे नाचणाऱ्याला मुळातच येतं. अभ्यास म्हणून शोभनाचा 1993 चा मल्याळम मणिचित्रताळ जरूर बघा, ज्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोक शेवटचा नाच बघतात, तुम्ही त्याआधीची साधी, घरात वावरणारी गंगा बघा, तिथे तिने नर्तकी कुठेही दिसू दिलेली नाही आणि म्हणून पुढचं सगळं अंगावर येतं.

वाचिक, म्हणजे बोलण्यातला अभिनय, हा आपला कच्चा विषय. गाणारा गातो, पढंत करणारा पढंत करतो, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणतो, आपण वर्षानुवर्षं तोंड मिटून अभिनय करतो. त्यामुळे आवाजावर काम करायलाच लागतं आणि त्याला नाटकाशिवाय शॉर्टकट नाही. कॉलेजला असाल तर पुरुषोत्तम करंडकात उतरा, फिरोदिया करंडकात उतरा, दोन्ही कॉलेजच्या मुलांच्या नाट्यस्पर्धा आहेत. फिरोदियात तर नाच, संगीत, चित्र सगळंच नाटकात वापरता येतं, नाचवाल्यांसाठी त्याहून सोयीचं दार नाही. फक्त तिथे नाच बसवण्यापुरतं राहू नका, चार वाक्यांचा का होईना बोलणारा रोल मागून घ्या.

सिनेमातला नाच हा वेगळाच प्रकार आहे. इथे मात्रा मोजत नाहीत, आठचे काउंट असतात, मास्टरजी फाइव्ह सिक्स सेव्हन एट म्हणतात आणि तुम्ही अजून ता थै थै तत्‌मध्ये असता. सेटवर गाणं वाजवणाऱ्याला नागरा असं म्हणतात, तो जुन्या रेकॉर्डरच्या नावावरून पडलेला शब्द आहे, तेव्हा नागरा असं कोणी ओरडलं तर दचकू नका. गाणं सलग कधीच होत नाही, दोन ओळी, कट, लाइट बदल, परत त्याच दोन ओळी. एखादं बॉलीवूड किंवा कंटेम्पररीचं वर्कशॉप केलंत तर काउंटची सवय होते, त्याने घराणं बिघडत नाही. पंडित बिरजू महाराजांसारख्या माणसाने सिनेमासाठी नृत्यरचना केल्या आणि विश्वरूपमच्या तमिळ गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार घेतला, तर आपण नाक मुरडणारे कोण. तोच नाच पडद्यावर केला कमल हासनने, मुलांनी हेही लक्षात ठेवावं. मुलांना रोल कमी असतात हे खरंय, पण शास्त्रीय नाचलेले मुलगे ऑडिशनला येतातच मोजके.

बॅकग्राउंड डान्सरचं काम घ्यायचं का? पैसे आणि सेटचा अनुभव म्हणून थोडे दिवस घ्या, पण अ‍ॅक्टर व्हायचं असेल तर त्यात रमू नका, एकदा त्या यादीत नाव बसलं की तिथेच बोलावतात.

ऑडिशनसाठी इंट्रो व्हिडिओ लागतो. नाव, वय, उंची, शहर, भाषा, दोन्ही बाजूंचा प्रोफाइल, बास. भरजरी साडी, टेंपल ज्वेलरी, काजळाने काढलेले लांब डोळे असं काही नको, साधा प्लेन कुर्ता किंवा टीशर्ट, जवळजवळ विनामेकअप. नाचाची क्लिप वेगळी ठेवा, तीस-चाळीस सेकंदांची, आणि मागितली तरच पाठवा. मुंबईत वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये कास्टिंगची ऑफिसेस एकमेकांना चिकटून आहेत, तिथे चकरा मारायला हरकत नाही, पण रजिस्ट्रेशन फी, पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा, कार्ड काढून देतो असे पैसे कोणी मागितले की सरळ उठून बाहेर यायचं. खरं कास्टिंग करणारा कलाकाराकडून पैसे घेत नाही.

काम मिळालं की तारखांची मारामारी सुरू होते. डेली सिरियलची शिफ्ट बारा-बारा तासांची असते आणि महिन्यातले बहुतेक दिवस जातात, त्यामुळे काँट्रॅक्ट सही करायच्या आधी, परत सांगते, आधी, स्टेज कार्यक्रमांची परवानगी लिहून घ्या. तोंडी हो-हो सगळेच म्हणतात. वर्षातल्या ठरलेल्या कार्यक्रमांच्या तारखा आधीच देऊन टाका. एक बारीक पण त्रासदायक गोष्ट म्हणजे आलता. कार्यक्रमात हातापायाला लावलेला आलता दोन-तीन दिवस जात नाही आणि दुसऱ्या दिवशी शूटला लाल बोटं घेऊन गेलात की मेकअप दादा आणि कंटिन्युइटीवाले दोघेही वैतागतात, त्यामुळे शूट चालू असताना धुतल्यावर निघणारा रंग वापरा.

रियाजाला सलग दोन तास मिळणार नाहीत हे मान्य करा आणि तुकडे पाडा. व्हॅनिटी व्हॅनमध्ये पढंत होते, हस्त म्हणजे हाताच्या मुद्रा होतात, बसून अभिनय होतो. पायाचं काम मात्र सेटवरच्या सिमेंटच्या फरशीवर करू नका, गुडघे आणि घोटे तिथेच जातात. तत्कार (कथकचं पायकाम) किंवा अडवू (भरतनाट्यमच्या मूळ हालचाली) घरी किंवा क्लासच्या लाकडी जमिनीवर, अर्धा तास का होईना, पण रोज. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वळतोय ना हे अधूनमधून गुरूंना दाखवत राहा, दमलेलं शरीर चुकीच्या जागी बसायला लागतं आणि आपल्याला कळतही नाही. दुखणं दोन आठवड्यांच्या वर गेलं तर फिजिओकडे जा, तेल चोळत बसू नका.

आणि पैसे. सिरियलचं पेमेंट बऱ्याचदा नव्वद दिवसांनी येतं, वर दहा टक्के टीडीएस कापलेला असतो, रिटर्न भरलं नाही तर परत मिळायचा तोही मिळत नाही. म्हणजे पहिले तीन-चार महिने खिशातूनच काढायचे. इथे क्लास उपयोगी पडतो, शनिवार-रविवारच्या दोन बॅचेस असल्या तरी घरभाडं निघतं, शूटच्या दिवसांत एखादी सीनियर शिष्या बॅच सांभाळते. त्याच्या जोडीला दूरदर्शनच्या ग्रेडसाठी ऑडिशन द्या, बी, बी हाय, ए, टॉप असे ग्रेड असतात, आणि आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, कलाकारांच्या पॅनलसाठी अर्ज करा, त्यावर परदेशातले कार्यक्रम मिळू शकतात. दोन्हीकडे चांगलं रेकॉर्डिंग लागतं, तेव्हा सिरियलचा पहिला चेक आला की फोनच्या आधी तीन कॅमेऱ्यांवर, लाइव्ह साथीला घेऊन, एक नीट कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवा.