कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क आणि हरणासाठी हलकी रायफल कशी निवडावी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्क या थोराड हरणाची रायफलने शिकार प्रामुख्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, आणि बऱ्याचदा नऊ ते अकरा हजार फुटांवर. रायफल दिवसभर खांद्यावर असते, झाडायची वेळ येते ती काही सेकंदांची. त्यामुळे वजन कमी करावंसं वाटणं रास्तच आहे. पण रायफल एका मर्यादेखाली हलकी झाली की दोन गोष्टी बिघडतात: धापा टाकत असताना ती हातात स्थिर राहत नाही आणि खांद्याला बसणारा धक्का वाढतो. म्हणून दुकानात लटकवलेल्या चिठ्ठीवरचं वजन बघू नका. स्कोप (नेम धरायची दुर्बीण), तो बसवायचं माउंट, पट्टा आणि चार काडतुसं धरून एकूण वजन ३.२ ते ३.६ किलोच्या दरम्यान बसवा. तीन किलोच्या खाली जायचं तर नेमबाजीचा पक्का सराव हवा.

आधी कायद्याचं बघा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे अशी शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असाल तर तिथला संघराज्याचा कायदा बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई करतो. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो, म्हणून परवाना आधी, दुकान नंतर. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. रायफल किमान .२४ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत), नळी किमान १६ इंचांची, गोळी लागल्यावर पसरणारी. गोळीचं वजन हरणासाठी किमान ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचं छोटं एकक), एल्कसाठी ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर ऊर्जा किमान १००० फूट-पौंड (ऊर्जेचं एकक). ही कायद्याची तळरेषा आहे. एल्कसाठी तेवढ्यावर थांबू नका.

काडतूस आधी, रायफल नंतर

एल्कचा पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो, तर म्यूल डिअर या तिथल्या हरणाचा मोठा नर शंभर किलोच्या आसपास. एकच रायफल दोन्हींसाठी घ्यायची तर हिशेब एल्कचा करायचा. जुना आणि अजूनही उपयोगी ठोकताळा असा की एल्कपर्यंत पोचताना गोळीत १५०० फूट-पौंड ऊर्जा शिल्लक असावी. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची १६५ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवरही हा आकडा ओलांडते. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी तिथे जेमतेम त्याच्या वर असते, पुढे नाही.

आता धक्का. काडतूस तेच ठेवलं तर धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. सुमारे ३.२ किलोच्या सज्ज रायफलमध्ये ६.५ क्रीडमूरचा धक्का साधारण १५ फूट-पौंड, ७ एमएम-०८ चा १६, .३०८ चा १९, .३०-०६ चा २४-२५ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा ३४ च्या आसपास येतो. वीसच्या पुढे बहुतेक माणसं नकळत चाप झटकायला लागतात, डोळे मिटतात आणि मुख्य म्हणजे सराव टाळतात. हलक्या रायफलीत मॅग्नम घेणारे बरेच जण दोन डबे काडतुसंही वर्षभरात संपवत नाहीत, आणि मग एल्क मागच्या मांडीत जखमी होऊन निघून जातं. जनावराच्या दृष्टीने यापेक्षा वाईट काही नाही. आमची पसंती ७ एमएम-०८ किंवा .३०८. दोन्ही आखूड अॅक्शनमध्ये (काडतूस आत घेऊन झाडणाऱ्या यंत्रणेत) बसतात, त्यामुळे रायफलचं थोडं वजन वाचतं. .२७० विंचेस्टर १९२५ पासून हेच काम करत आलं आहे, घरात असेल तर बदलायची गरज नाही.

काडतुसाच्या नावापेक्षा गोळीची बांधणी महत्त्वाची. हरणावर चालणारी पातळ आवरणाची गोळी एल्कच्या खांद्याच्या हाडावर फुटून वरच्या वर थांबू शकते. नॉस्लर पार्टिशन, अॅक्युबाँड किंवा बार्न्स टीटीएसएक्ससारखी घट्ट गोळी घ्या. बार्न्सची गोळी अख्खी तांब्याची असल्याने वेग कमी झाला की नीट पसरत नाही. अशा गोळीचं वजन एक पायरी कमी घ्या, .३०८ मध्ये १३० ते १५० ग्रेन, म्हणजे वेग टिकतो. कॅलिफोर्नियात शिकारीला जाणार असाल तर तिथे १ जुलै २०१९ पासून शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे.

वजन कुठून कमी करावं

सर्वात स्वस्तात वजन कमी होतं ते स्कोपमधून. मोठ्या भिंगाचे, लांब पल्ल्याचे स्कोप सातशे-आठशे ग्रॅमचे असतात. ल्यूपोल्डचा २.५-८x३६ किंवा ३.५-१०x४० साडेतीनशे-चारशे ग्रॅममध्ये बसतो आणि ३०० यार्डांपर्यंत काही कमी पडत नाही. एवढ्यानेच जे वजन उतरतं, तेवढं रायफलमधून उतरवायला कित्येकदा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. डोळा आणि स्कोप यांत किमान साडेतीन इंच अंतर मिळालं पाहिजे. हलकी रायफल जोरात मागे येते, आणि भुवईवर स्कोपची कडा बसते ती याच चुकीमुळे.

रायफलींत टिक्का टी३एक्स लाइट सुमारे २.९ किलोची आहे. तिचा बोल्ट (काडतूस नळीत सरकवणारा दांडा) गुळगुळीत चालतो आणि पैशाच्या मानाने नेम उत्तम. सुरुवात इथून करावी. विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट तीन किलोच्या थोडी वर, लाकडी दस्त्याची. पावसा-बर्फात तिची काळजी जास्त घ्यावी लागते. किंबर माउंटन असेंट आखूड अॅक्शनमध्ये २.२ किलोची आहे, पण ती हाताळायला शिकावं लागतं, पहिली रायफल म्हणून नको.

नळी २० ते २२ इंचांची पुरते. दर इंच कापल्यावर गोळीचा वेग सेकंदाला साधारण २० ते ३० फुटांनी घटतो, एवढंच. बारीक नळी मात्र लवकर तापते आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर नेम सरकतो. याला रायफलचा दोष समजून परत करायला धावू नका. तीन गोळ्या झाडा, नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा, मग पुढच्या तीन. शिकारीत महत्त्व थंड नळीतल्या पहिल्या गोळीलाच असतं.

दस्त्याची लांबी बहुतेक रायफलींत साडेतेरा-पावणेचौदा इंच असते. साडेपाच फुटांच्या माणसाला ती जाड जॅकेटवर लांब पडते. तेरा इंचांच्या आसपासची आखूड आवृत्ती शोधा किंवा दस्ता कापून मऊ रबरी पॅड लावून घ्या. चाप अडीच ते तीन पौंडांवर ठेवा. सव्वादोन किलोच्या रायफलीला चार पौंडांचा चाप असेल तर ओढतानाच नेम हलतो.

मझल ब्रेकने (नळीच्या तोंडावर लावायच्या, वायू बाजूला सोडणाऱ्या तुकड्याने) धक्का बराच कमी होतो, पण कानाचं कायमचं नुकसान होण्याइतका आवाज वाढतो. लावलाच तर डोंगरातही कानाला संरक्षण हवंच.

जोडणी आणि तपासणी

स्कोपच्या रिंगांचे स्क्रू सहसा १५ ते १८ इंच-पौंडांवर घट्ट करतात. टॉर्क मोजणारा स्क्रूड्रायव्हर वापरा, अंदाजाने पिळू नका. बेसच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा द्रव) लावा. नेम अचानक भरकटला तर सगळ्यात आधी हेच स्क्रू ढिले झालेले सापडतात. अॅक्शनचे स्क्रू किती घट्ट करायचे ते उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्या.

नंतर रायफल रिकामी आहे याची खात्री करून नळी आणि दस्त्याच्या पुढच्या भागामध्ये एक नोट सरकवा. ती चेंबरजवळ (काडतूस बसतं त्या जागेजवळ) येईपर्यंत अडकायला नको. आता पट्टा जोरात ओढून पुन्हा बघा. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता इथे वाकतो, नळीला टेकतो आणि गोळी बाजूला जाते.

झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं, २०० यार्डांवर करा. १६५ ग्रेनच्या .३०८ साठी याचा अर्थ १०० यार्डांवर सुमारे दोन इंच वर, ३०० यार्डांवर आठ-साडेआठ इंच खाली. बाकावरून झाडतानाही पुढचा भाग हाताने पकडून ठेवा. जड रायफलसारखी नुसती वाळूच्या पिशवीवर ठेवली तर हलकी रायफल उडी मारते आणि निशाणावरच्या गोळ्यांचा गट फाकतो. एकदा झीरो झाला की बाक सोडा. बसून, गुडघ्यावर आणि पाठीवरची पिशवी आडवी टाकून तिच्यावरून सराव करा. आठ इंचांच्या ताटलीवर प्रत्येक वेळी गोळी लागते ते सर्वात लांबचं अंतर ही तुमची मर्यादा. ती २०० यार्ड निघाली तर एल्कवरही २०० यार्डच.

शिकारीला निघण्याआधी बोल्टमधलं जादा तेल पुसून काढा. शून्याखालच्या थंडीत ते घट्ट होतं आणि फायरिंग पिन मंद चालते. नळीच्या तोंडावर साध्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा. बर्फ आणि चिखल आत जात नाही, आणि तो न काढता गोळी झाडली तरी चालते. रात्री रायफल उबदार तंबूत आणू नका, स्कोपवर आणि नळीत दव धरतं. ती रिकामी करून, खोळीत घालून, थंडीतच पण नजरेसमोर आणि सुरक्षित ठेवा.